नकाराचा अधिकार आणि धर्मप्रचारकाचा आठवडा

एखाद्या धर्माचे सत्य आपल्याला गवसले आहे अशी ज्याची खात्री आहे, त्याने ते दुसऱ्याच्या दारापर्यंत नेणे हे कर्तव्य ठरते की दुसऱ्याच्या अंतःकरणात केलेली ढवळाढवळ, हा धर्मतत्त्वज्ञानातील जुना आणि अजूनही धगधगता प्रश्न आहे. त्याची चर्चा बहुधा धर्मग्रंथांतील वचनांच्या किंवा राज्यघटनेतील कलमांच्या आधारे केली जाते. त्यामुळे प्रचाराचे काम प्रत्यक्ष करणाऱ्या माणसाचे दिवस कसे जातात, त्याला कोणते नियम पाळावे लागतात आणि कोणती उत्तरे ऐकावी लागतात, हे बाजूला पडते. मॉर्मन पंथाच्या तरुण प्रचारकाचा परदेशातील आठवडा या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण आमंत्रण कोठे संपते आणि दडपण कोठे सुरू होते ही सीमा त्यात रोज पारखली जाते.

मॉर्मन हे रूढ नाव असून ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे पंथाचे अधिकृत नाव आहे. जोसेफ स्मिथ याने ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ तेथे बायबलच्या जोडीने पवित्र मानला जातो. प्रचाराची धुरा प्रामुख्याने सामान्य घरांतील तरुणांवर असते. मुले दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष घर, शिक्षण व नोकरी बाजूला ठेवून या सेवेसाठी जातात. कोणत्या देशात जायचे ते सॉल्ट लेक सिटी येथील मुख्यालय ठरवते, मात्र खर्चाचा वाटा प्रचारक किंवा त्याचे कुटुंब उचलते. अमेरिकेतील प्रचारकासाठी ही रक्कम २०२० पासून दरमहा ५०० डॉलर आहे. दूरदेशी माणसे पाठवण्याची ही प्रथा जवळजवळ पंथाइतकीच जुनी आहे. ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक १८५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत व पुण्यात प्रचार करत होता आणि लष्करी अधिकाऱ्यांचा विरोधही त्याच्या वाट्याला आला होता.

जपानचे उदाहरण येथे मुद्दाम घ्यावेसे वाटते, कारण नकार पचवण्याची कसोटी तेथे फार कठोर आहे. हेबर ग्रँट यांनी १९०१ मध्ये तेथे पहिले मिशन, म्हणजे पंथाचा स्वतंत्र प्रचारविभाग, सुरू केले आणि १९०९ मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’चा जपानी अनुवादही प्रसिद्ध झाला, तरीही २३ वर्षांत बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या २०० पर्यंतही पोहोचली नाही. अखेर १९२४ मध्ये ते मिशन बंद करण्यात आले, आणि बंद करण्याचा निर्णय पंथाचे अध्यक्ष झालेल्या ग्रँट यांच्याच कारकिर्दीत व्हावा, यात त्या काळाची सारी निराशा सामावलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, काम पुन्हा सुरू झाले. आजही तेथील ख्रिस्ती लोकांचे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे १ टक्काच आहे, आणि ओम शिनरिक्यो या पंथाने १९९५ मध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडल्यानंतर अनोळखी धर्मप्रचारकाकडे संशयाने पाहिले जाणेही स्वाभाविक ठरले.

अशा देशात प्रचारकाचा दिवस परंपरेने सकाळी साडेसहाला उठून प्रार्थना, व्यायाम, ग्रंथवाचन आणि भाषेचा अभ्यास यांनी सुरू होतो. तो कधीही एकटा नसतो. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो, त्याच्या नजरेच्या व हाकेच्या टप्प्यात राहणे बंधनकारक असते, आणि साधारणपणे दर सहा आठवड्यांनी होणाऱ्या बदल्यांत ही जोडी मोडली जाऊ शकते. सोमवार हा बहुधा तयारीचा दिवस असतो. त्या दिवशी कपडे धुणे, खोली आवरणे, बाजारहाट आणि घरच्यांशी बोलणे ही कामे उरकून संध्याकाळी पुन्हा प्रचाराला निघायचे असते. २०१९ पर्यंत घरी फोन करण्याची मुभा वर्षातून साधारण दोनदाच, नाताळ आणि मातृदिनाला होती. आता ती दर आठवड्याला आहे, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांचा विचार करता ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती.

बाकीचे दिवस शिकवण्यात, आणि त्याहून अधिक शिकायला तयार असलेले कोणी शोधण्यात जातात. पांढरा सदरा, टाय, छातीवर काताकाना लिपीत नाव लिहिलेली काळी पाटी आणि डोक्यावर हेल्मेट अशा वेशात दोन मुले सायकली लावून इमारतीत शिरतात, एकेका दाराची घंटा दाबतात, आणि दार न उघडताच इंटरकॉमवरून ‘केक्को देसु’, म्हणजे ‘नको, राहू द्या’, असा अत्यंत सभ्य आवाज येतो. मग ती पुढच्या घंटेकडे वळतात. आठवड्यात इंग्रजी संभाषणाचा विनामूल्य वर्ग घेतला जातो आणि त्याला येणाऱ्यांपैकी अनेकांना धर्माशी काहीही कर्तव्य नसते. रविवारी प्रभुभोजनाचा विधी होतो, ज्यात भाकरीबरोबर द्राक्षरसाऐवजी पाणी दिले जाते.

या शिस्तीची तुलना गीतेतील निष्काम कर्माशी करण्याचा मोह मराठी वाचकाला होणे साहजिक आहे, पण ती तुलना टिकत नाही. हा प्रचारक फळाची आशा सोडत नाही. समोरच्याने बाप्तिस्मा घ्यावा अशी त्याची मनापासूनची इच्छा असते आणि ती इच्छा प्रेमातून येते असे तो मानतो. म्हणूनच त्याच्यापुढील नैतिक प्रश्न अधिक अवघड आहे, कारण ज्याला काहीच नको आहे त्याने दुसऱ्याच्या स्वातंत्र्याची बूज राखणे तुलनेने सोपे असते.

तो पुरावा कोणता देतो, हेही पाहिले पाहिजे. न्यायदर्शनात शब्दप्रमाण मान्य होते ते आप्ताचे, म्हणजे विषय यथार्थ जाणणाऱ्या विश्वासार्ह व्यक्तीचे, वचन म्हणून. एकोणीस वर्षांच्या परक्या मुलाला जपानी गृहिणीने आप्त का मानावे? मॉर्मन परंपरेचे उत्तर असे की तिने त्याच्या शब्दावर विसंबूच नये, ग्रंथ वाचावा, तो खरा आहे का असे देवालाच प्रार्थनेत विचारावे आणि अंतःकरणात उमटणारे उत्तर स्वीकारावे. हे आवाहन वरकरणी अत्यंत उदार आहे, कारण निर्णयाचा अधिकार ते ऐकणाऱ्याच्या स्वानुभवाकडे सोपवते. परंतु त्यात एक गंभीर उणीव आहे: होकारार्थी अनुभव आला तर तो पुरावा मानला जातो, आणि काहीच अनुभव आला नाही तर बहुधा अधिक वाचण्याचा व पुन्हा प्रार्थना करण्याचा सल्ला मिळतो. ज्या परीक्षेत एकच निकाल मोजला जातो तिला ज्ञानाचे प्रमाण म्हणणे कठीण आहे, मग परीक्षा घेणारा कितीही प्रामाणिक असो.

होकाराची किंमतही लहान नसते. ‘वर्ड ऑफ विज्डम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आहारनियमांनुसार दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य आहेत. हिरवा चहाही त्यात येतो, हे पंथाने २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. ज्या समाजात पाहुण्यापुढे चहाचा पेला ठेवणे हाच स्वागताचा पहिला उपचार आहे, तेथे नव्या अनुयायाला सासरी, कार्यालयात आणि शेजाऱ्यांकडे तो पेला नम्रपणे परत करावा लागतो किंवा त्याऐवजी सातूचा काढा, मुगिचा, मागून घ्यावा लागतो. पूर्वजांचा प्रश्न याहून खोल आहे. अनेक घरांत बुत्सुदान, म्हणजे पितरांचे बौद्ध देवघर, असते आणि धर्म बदलला तर त्या पितरांचे काय, अशी चिंता सतावते. मॉर्मन धर्मशास्त्रात यावर एक विलक्षण उत्तर आहे: मंदिरात जिवंत वंशजाने मृताच्या वतीने बाप्तिस्मा घ्यावा, मात्र परलोकातील त्या आत्म्याने तो स्वीकारावा किंवा नाकारावा. हा उपायही वादमुक्त राहिला नाही. होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावाने झालेल्या अशा विधींवर तीव्र आक्षेप आले आणि १९९५ मध्ये पंथाला ते थांबवण्याचे मान्य करावे लागले.

तरीही मृतालासुद्धा नकाराचा अधिकार आहे, ही कल्पना या परंपरेच्या गाभ्याशी जुळणारी आहे. तिच्या कथेनुसार पृथ्वीच्या निर्मितीपूर्वी स्वर्गात झालेल्या सभेत सैतानाने एकही जीव न गमावता सर्वांचा उद्धार करण्याचा प्रस्ताव मांडला, आणि त्यात माणसाची निवड करण्याची शक्ती नष्ट होत होती म्हणून देवाने तो फेटाळला. सक्तीचा उद्धार हा सैतानाचा प्रस्ताव होता असे मानणाऱ्या धर्माने प्रचाराला लावायची कसोटी स्वतःच सांगून ठेवली आहे.

या कसोटीवर संस्था नेहमीच उतरलेली नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तोक्यो परिसरात बाप्तिस्म्यांची संख्या वाढवण्याचा असा ध्यास घेतला गेला की अल्प परिचयानंतरच हजारो तरुणांना बाप्तिस्मा दिला गेला; त्यांतील फार मोठा भाग लवकरच दुरावला आणि स्थानिक जपानी सदस्यांना त्या नोंदींचे ओझे पुढे अनेक वर्षे वाहावे लागले. दोष प्रचारक मुलांच्या श्रद्धेत नव्हता, तर आठवड्याअखेर कळवायच्या आकड्यांत होता. साप्ताहिक नियोजनात आजही नव्याने शिकू लागलेले, उपासनेला आलेले, बाप्तिस्म्याची तारीख ठरलेले आणि बाप्तिस्मा घेतलेले असे लोक मोजले जातात, पण इंटरकॉमवरून सभ्यपणे नाही म्हणणाऱ्या माणसाशी प्रचारक कसा वागला हे या मुख्य आकड्यांत कोठेच येत नाही. ज्या पंथाने मृतांनाही नाही म्हणण्याची मुभा दिली, त्याने जिवंतांच्या नकाराला आपल्या हिशेबात स्थान दिले पाहिजे.