पागोळीखालची माती

जुनं घर विकत घेतलं की खर्च दोन वह्यांत मांडला जातो. गवंड्याची वही निराळी, बागेची निराळी. आधी घर उभं करू, अंगणाचं मागाहून बघू. रत्नागिरीकडचं जांभ्याचं कौलारू घर आम्ही घेतलं, तेव्हापासून ही वाटणी मला पटेनाशी झाली आहे.

भिंतीची ओल पुष्कळदा भिंतीत सुरू होतच नाही. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात छपरावरचं सगळं पाणी पागोळ्यांनी एका अरुंद पट्टीवर कोसळतं. त्या पट्टीचा उतार घराकडे झुकलेला असेल, तर पाणी जोत्यात मुरतं आणि चिऱ्यातून वर चढतं. ओटीच्या भिंतीला आधी कधीतरी सिमेंटचा गिलावा झाला होता. आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायची वाट त्यानं बंद केली, आणि गिलाव्यामागे चिऱ्याचे पापुद्रे सुटू लागले. तेव्हा भिंतीच्या दुरुस्तीचं पहिलं काम अंगणात निघालं: पागोळीखाली चर खणून पाण्याला उतार देणं.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. फ्रान्सिस बुकॅनननं मलबारात हे पाहून १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात नोंदवलं. अशा दगडाला चुनाच मानवतो, कारण चुन्यातून ओल ये-जा करू शकते. कोकणच्या किनाऱ्यावर पूर्वी शिंपले भाजून चुना करत. भाजताना शिंपल्यातला कर्बवायू निघून जातो. पुढे चुना विरवून भिंतीला लावला की तो हवेतला तोच वायू सावकाश परत घेतो आणि शिंपला ज्याचा बनलेला होता तोच पदार्थ पुन्हा होतो. म्हणजे चुन्याची भिंत वर्षानुवर्षं हळूहळू शिंपल्याकडे परत जात असते. मला हे फार मोठं वाटतं. तीन वर्षं न मुरलेला चुना वापरायला जुन्या रोमन कायद्यानं मनाई होती, असं प्लिनीनं लिहून ठेवलं आहे. आज इतकं थांबणं परवडत नाही, पण त्या कायद्यामागची समजूत खरी आहे.

माजघरातला जुना चुन्याचा गिलावा जागोजागी सुटला होता. तो राडारोडा गाडीत भरून पाठवायची गरज नव्हती. जांभ्याची माती आम्लधर्मी. शतकानुशतकांच्या पावसानं तिच्यातला चुनखडीचा अंश धुऊन नेलेला. तिला कुटलेला जुना चुना औषधासारखा लागतो. फक्त अनंताच्या आळ्यापासून तो लांब ठेवायचा, कारण अनंताला आम्लधर्मी मातीच आवडते.

झाडं लावण्याआधी जमिनीत तीळ पेरावेत आणि ते फुलले की तिथंच चुरडावेत, जमिनीचं हे पहिलं काम, असं वराहमिहिर बृहत्संहितेत सांगतो. घर, पाण्याचा शोध आणि झाडं हे विषय त्या ग्रंथात लागोपाठच्या अध्यायांत आहेत, ही रचना मला अतिशय शहाणी वाटते. आमच्याकडच्या पावसाच्या माऱ्यात तीळ टिकायचा नाही, म्हणून ताग पेरला. फुलोऱ्यावर येताच तो गाडायचा. उशीर झाला की काड्या निबर होतात आणि कुजायला वेळ घेतात.

चरीच्या कडेला सोनटक्का लावला आहे, त्याला पाणी हवंच असतं. अशोक मात्र सीतेचाच हवा. रोपवाटिकांतून अशोक म्हणून सरळसोट वाढणारं जे झाड विकलं जातं, ते वेगळं. खऱ्या अशोकाला सावली आणि ओलावा लागतो, म्हणजे चरीचं पाणी जिथं उतरतं तो कोपरा. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम, बारा किमान, असंही वराहमिहिराचं माप आहे. आमचं अंगण जेमतेम बारा हातांना पुरतं. एक अशोक, एक बकुळ, आणि उरलेल्या जागेत तगर, अबोली. अनंताला गडग्यालगतची जागा, जिथं चुना पडलेला नाही.