हरल्यावर दोष कोणाचा?

आवडता संघ अंतिम सामना हरला म्हणजे त्याचे चाहते रात्र रात्र वाद घालतात. अमक्याने चेंडू सोडला नसता तर, तमक्याला खेळविले असते तर! ह्यात वावगे काही नाही. ज्याच्यावर जीव जडला त्याच्या पराभवाचे कारण शोधावेसे वाटणारच. परंतु कारण शोधता शोधता आपण गुन्हेगार केव्हा शोधू लागतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही. ह्या दोहोंतला भेद फुटबॉलच्या एका प्रसिद्ध सामन्यावरून पाहू.

१६ जुलै १९५० रोजी रिओ द जानेरो येथील माराकाना मैदानावर विश्वचषकाचा निर्णायक सामना झाला. यजमान ब्राझीलने आधीच्या दोन सामन्यांत स्वीडनला ७-१ व स्पेनला ६-१ असे लोळविले होते. त्या वर्षी शेवटची फेरी चार संघांत गुणांवर खेळली गेली. त्यामुळे उरुग्वेशी नुसती बरोबरी झाली तरी ब्राझीलला पुरे होते. सुमारे दोन लाख लोक जमले होते. सामन्यापूर्वीच शहराच्या महापौरांनी आपल्या खेळाडूंना विजेते म्हणून गौरविले. उत्तरार्धाच्या आरंभी ब्राझीलने गोलही केला. पण उरुग्वेच्या स्कियाफिनोने बरोबरी साधली, आणि ७९व्या मिनिटाला गिगियाने उजव्या बगलेवरून मारलेला चेंडू गोलरक्षक बार्बोसा व जवळचा खांब ह्यांच्यामधून जाळ्यात गेला. उरुग्वे २-१ असे जिंकले.

मग खल सुरू झाला. पांढऱ्या पोशाखालाही बोल लागला. पुढे तो बदलून पिवळा झाला. पण सर्वांत मोठे खापर फुटले ते बार्बोसा आणि बिगोदे व जुवेनाल ह्या बचावपटूंच्या माथ्यावर. हे तिघेही काळ्या वर्णाचे होते, हे विसरता येत नाही.

आता कारणे पाहा. पहिल्या गोलाच्या वेळी गिगियाने त्याच बाजूने येऊन चेंडू मध्ये दिला होता. तो पुन्हा तसेच करील अशा समजुतीने बार्बोसा खांबापासून थोडा पुढे सरकला. अंदाज शहाणपणाचा होता, तो चुकला. दोन सामन्यांत १३ गोल करणाऱ्या आघाडीला त्या दिवशी एकच गोल करता आला, हे मात्र फारसे कोणी बोलले नाही. त्याच वर्षी मे महिन्यात उरुग्वेने ब्राझीलला ४-३ असे हरविले होते, हेही कोणाला आठवले नाही. समोरचा संघही जिंकण्यासाठीच खेळत असतो, ही साधी गोष्ट चाहत्यांच्या वादात नेहमी हरवते.

बार्बोसा २००० साली वारला. एका दुकानात एका बाईने आपल्या मुलाला, साऱ्या ब्राझीलला रडविणारा माणूस हाच, असे दाखविल्याचे तो सांगत असे. देशात सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची, आपण मात्र पन्नास वर्षे भोगली, असे तो म्हणे.

लेवीयच्या १६व्या अध्यायातील बकऱ्याची गोष्ट आपण जाणतो. लोकांची पापे त्याच्या मस्तकी ठेवून त्याला रानात सोडीत. परंतु तेथे आधी सर्वांची पापे उघडपणे कबूल केली जात; ती लोकांची आहेत, बकऱ्याची नव्हेत, हे सर्वांना ठाऊक असे. माराकानात ही कबुलीच झाली नाही. खेळापूर्वी विजय साजरा करणारे हजारो होते. खेळानंतर पराभव तेवढा एकट्याचा ठरला.

तर मग चूक दाखवूच नये काय? अवश्य दाखवावी. चूक न दाखविता कोणी सुधारत नाही. पण कारणाचा शोध पुढच्या खेळासाठी असतो. तो धडा मिळाला की संपतो. दोषाची चर्चा आपल्या दुःखाला वाट करून देण्यासाठी असते, म्हणून ती पन्नास वर्षे पुरते. शब्बाथशाळेतील मुले एखादी स्पर्धा हरून आली, तर ‘कोणामुळे?’ हा प्रश्न त्यांच्या ओठांवर असतोच. शिक्षकांनी त्याऐवजी ‘कशामुळे?’ असे विचारावयास शिकवावे. आणि ज्याच्या हातून चेंडू सुटला त्या मुलाला त्या दिवशी आपल्या शेजारी बसवावे.