उलटलेली गाय कोणाच्या हिशेबात?

कृत्रिम रेतनाची नोंद त्याच दिवशी होते. गाय गाभण राहिली का, हे कळायला मात्र दोन-तीन महिने लागतात आणि वासरू दिसायला नऊ महिन्यांहून अधिक. पशुवैद्यकीय सेवेतील सरकारी-खासगी भागीदारीचे मूल्यमापन फसते ते या मधल्या काळात.

गोठ्यात काय घडते ते पाहा. मोटारसायकलला द्रवरूप नायट्रोजनचा कॅन बांधून कार्यकर्ता येतो. गाय खरेच माजावर आहे का ते आधी तपासायचे, मग रेतकांडी काढून 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची आणि मगच पुढचे काम. सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवावी, हे घरातल्या बाईलाही पाठ असते. यातले काही चुकले तर एकवीस दिवसांनी गाय उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. मालकाची तितक्या दिवसांची वैरण वाया जाते, वेत लांबते, दूध लांबते. करारात रेतनाच्या संख्येवर पैसे ठरले असतील, तर याच गाईचे दुसरे रेतन भागीदाराच्या कामगिरीत भर घालते! अपयशाने आकडा वाढतो, अशी मोजणी मुळातच सदोष आहे.

खासगी किंवा स्वयंसेवी भागीदार नको, असे मी म्हणत नाही. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळी कांचनला उभी केलेली बायफ ही संस्था दारात जाऊन सेवा देऊ लागली नसती, तर संकरित गाय लहान शेतकऱ्याच्या गोठ्यात इतक्या लवकर आली नसती. आज 1962 क्रमांकावर फोन केला की फिरते पथक येते. केंद्राच्या योजनेत लाखभर जनावरांमागे एक गाडी धरली आहे आणि काही राज्यांनी ती चालवण्याचे काम बाहेरच्या संस्थांना दिले आहे. अडलेल्या गाईजवळ रात्र काढणाऱ्याला गाडी कोणाची, याच्याशी देणेघेणे नसते.

उमाली, फेडर आणि डी हान या अभ्यासकांनी 1992 मध्ये जागतिक बँकेसाठी एक विभागणी मांडली. आजारी जनावरावरच्या उपचाराचा लाभ मुख्यतः मालकाला होतो, म्हणून ते काम खासगी क्षेत्र करू शकते. साथनियंत्रणाचा लाभ साऱ्यांना, म्हणून ते सरकारचे. कागदावर हे पटते. पण 2019 च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी भूमिहीनांच्या दारात बांधलेल्या. करडाला हगवण लागली म्हणून मजुरी बुडवून, फी मोजून डॉक्टर कोण बोलावणार? ते करडू कोणाचेच गिऱ्हाईक नसते. आणि पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथरोगाची पहिली खबर नेमकी अशाच करडाकडून मिळते. त्याला तपासायला कोणी गेलेच नाही, तर साथ कळते ती कळप मरू लागल्यावर. उपचार आणि साथनियंत्रण यांच्यामधली रेघ इथे पुसली जाते.

साथीची किंमत शेवटी सरकारी तिजोरीवरच पडते. 2022 च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत राज्याने लस मोफत टोचली आणि दगावलेल्या गाईमागे 30,000, बैलामागे 25,000, वासरामागे 16,000 रुपये दिले. मग भागीदाराच्या नोंदवहीतला प्रत्येक संशयित आजार त्याच दिवशी जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात पोचलाच पाहिजे, ही अट करारात हवी. रेतनाच्या मोबदल्याचा मोठा हिस्सा गाईच्या कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकानुसार गर्भतपासणी झाल्यावरच द्यावा. लाळ्या-खुरकुताच्या लसीचेही तेच. शीतसाखळी तुटलेली मात्राही नोंदीत मात्राच असते. म्हणून रक्तजलाचे नमुने घेऊन प्रतिकारशक्ती आली का ते पाहायचे, आणि हे नमुने लस टोचणाऱ्याने घ्यायचे नाहीत.

यासाठी सरकारकडे स्वतःची माणसे लागतात. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार किरकोळ सेवा देणाऱ्या इतरांनीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली काम करायचे असते. दवाखान्यातले पदच रिकामे असेल, तर ही देखरेख सहीपुरती उरते आणि भागीदार आपल्याच कामाला आपणच गुण देतो. भागीदारीसाठी निधी मंजूर करताना या पदांच्या भरतीचे वेळापत्रक त्याच आदेशात असावे.