‘घाई नाही’चं व्याज



आपल्या ग्रुपमध्ये छोटा व्यवसाय करणारी बरीच मंडळी आहेत. कुणाचं किराणा दुकान आहे, कुणाचं गॅरेज, कुणी घरून फराळ आणि मसाले करून देतं. मागे एकदा प्रसादाची भाजी चिरायला बसलो असताना एका ताईंनी विचारलं, “धंद्यात खरं बोललं की माणसं तुटतात आणि गोड बोललं की पैसे बुडतात. मग आपल्यासारख्यांनी करायचं काय?” त्या वेळी मी गप्प राहिले. उत्तर माहीत नव्हतं असं नाही, पण ते सांगायचं तर आधी स्वतःची एक चूक सांगावी लागली असती. आज ती सांगते.

बडोद्यात आमची छोटी प्रेस आहे. सासऱ्यांनी ट्रेडल मशीनवर सुरू केली, आता एक ऑफसेट, एक कटिंग मशीन आणि दोन कॉम्प्युटर आहेत. बिलबुकं, लेटरहेड, लग्नपत्रिका अशी कामं असतात. मिस्टर आणि माझे दीर मिळून बघतात, पाच माणसं कामाला आहेत. मुलं मोठी झाल्यावर बिलं आणि उधारीची वही माझ्याकडे आली.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. आमच्या चांगल्या ओळखीच्या एका गृहस्थांकडून अडुसष्ट हजार रुपये येणं होतं. कॅटलॉग आणि पावतीपुस्तकं जाऊन चार महिने झाले होते. मिस्टरांचा स्वभाव भिडस्त. “मागायचं कसं? घरचा संबंध आहे,” एवढंच म्हणत. नवरात्रात एका हळदीकुंकवाला त्या गृहस्थांच्या पत्नी भेटल्या. त्यांनी स्वतःहून विषय काढला, “तुमचं बिल राहिलंय ना हो?” आणि मी काय म्हणावं? हसून म्हटलं, “अहो, काही घाई नाही!” वर असंही वाटलं, की आपण किती छान वागलो.

दिवाळी जवळ आली. बोनसला पैसे पुरेनात. आमचे बाइंडर काका सासऱ्यांच्या काळापासूनचे, गुजराती आहेत. ते रोज संध्याकाळी हात धुऊन मिस्टरांसमोर दोन मिनिटं उभे राहायचे आणि मिस्टर म्हणायचे, “काका, उद्या बघू.” दुसऱ्या दिवशीही उद्याच. धनत्रयोदशी गेली, चोपडापूजन झालं. सगळ्यांना थोडीथोडी रक्कम देऊन आम्ही प्रेस बंद केली. लाभपाचमेला उघडली, पुढच्या आठवड्यात पैसे आले आणि आम्ही सगळ्यांचा हिशेब चुकता केला. माझ्या मते विषय संपला होता.

महिन्याभराने दुसऱ्या एका मुलाकडून कळलं, की काकांना दिवाळीआधी मुलीच्या नर्सिंगची फी भरायची होती. त्यांनी पंधरा हजार व्याजाने घेतले, शेकडा पाच रुपये महिना. आम्ही बोनस दिल्यावर लगेच फेडले, पण व्याज पूर्ण महिन्याचं द्यावं लागलं. साडेसातशे रुपये.

मी काकांना विचारलं, “आम्हाला सांगितलं का नाही?” ते रागावले नाहीत. खाली बघून एवढंच म्हणाले, “भाभी, ना पाडी होत तो चालत.” म्हणजे, नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांचे मेहुणे बिनव्याजी द्यायला तयार होते, पण आमच्या ‘उद्या’वर विसंबून काका थांबले आणि तोवर मेहुणे दिवाळीसाठी गावी निघून गेले.

त्या रात्री मी वही उघडून बसले. हळदीकुंकवात मी जे दोन शब्द बोलले होते, त्यांचं व्याज साडेसातशे रुपये झालं होतं, आणि ते ना मी भरलं, ना त्या गृहस्थांनी. भरलं आमच्यातल्या सगळ्यात कमी कमाई असलेल्या माणसाने. चांगुलपणाचं नाव माझं झालं आणि पैसे काकांच्या खिशातून गेले.

तेव्हापासून मनात एक प्रश्न घर करून आहे. आपण ज्याला भिडस्तपणा, संकोच, साधेपणा म्हणतो, तो खरोखर सद्गुण आहे का? मला वाटतं, त्याची एक कसोटी आहे. माझ्या न बोलण्याचा त्रास मीच सोसणार असेन, तर ती कदाचित क्षमा असेल, कदाचित उदारपणा असेल. पण तो त्रास दुसऱ्याला, त्यातही आपल्यापेक्षा कमजोर माणसाला सोसावा लागणार असेल, तर ते फक्त माझ्या जिवाचं सुख आहे. मला अवघड वाटू नये म्हणून मी दुसऱ्याला अडचणीत टाकते.

इथे मला तुकाराम महाराजांची गोष्ट आठवते. त्यांच्या घरात वाणीपणा आणि महाजनकी होती. चरित्रात सांगतात, की दुष्काळानंतर लोकांकडून येणं असलेली खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिच्यातल्या एका तपशिलाकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. महाराजांनी सगळी खतं बुडवली नाहीत. आधी धाकट्या भावाचा, कान्होबांचा अर्धा वाटा वेगळा काढून त्यांच्या हाती दिला आणि मग फक्त आपल्या वाट्याची खतं पाण्यात सोडली. एवढ्या वैराग्यातही त्यांनी दुसऱ्याच्या पैशावर उदारपणा केला नाही. मी मात्र ‘घाई नाही’ म्हणताना काकांचा वाटा इंद्रायणीत टाकून मोकळी झाले होते.

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कुणी म्हणेल, मग सरळ तोंडावर बोलावं. आमचे दीर तसेच आहेत. मनात काही ठेवत नाहीत. एकदा लग्नपत्रिकेच्या प्रूफमध्ये मुहूर्ताची वेळ चुकली, तर त्यांनी कॉम्प्युटरवरच्या मुलाला गिऱ्हाइकासमोर असं फैलावर घेतलं, की मुलगा दोन दिवस आलाच नाही. दीर जे बोलले त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण पुढे काय झालं? काही आठवड्यांनी बिलबुकांच्या नंबरिंगमध्ये गडबड झाली, ती त्या मुलाला सकाळीच दिसली होती. तो बोलला नाही. ओरडा बसेल म्हणून लपवली. माल गिऱ्हाइकाकडे गेला, सगळाच परत आला आणि कागद, शाई, मजुरी सगळं पाण्यात गेलं. माणूस रागावला की समोरचा सुधारतो, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तो फक्त गप्प राहायला शिकतो. आणि छोट्या धंद्याला सगळ्यात महाग पडते ती वेळेवर न कळलेली चूक.

म्हणजे एक भाऊ गोड बोलून खरं टाळतो आणि दुसरा खरं बोलून माणूस तोडतो. आमच्या घरात दोन्ही नमुने आहेत, त्यामुळे मला बाहेर बघायला जावं लागलं नाही!

गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीर, वाणी आणि मन यांची तीन तपं सांगितली आहेत. वाणीच्या तपात स्वाध्यायाबरोबर बोलण्याच्या चार अटी येतात. बोलणं समोरच्याला अस्वस्थ न करणारं हवं, सत्य हवं, प्रिय हवं आणि हिताचं हवं. आपण यातली आपल्याला सोयीची एक अट उचलतो. मिस्टरांनी आणि मी ‘प्रिय’ उचललं, दिरांनी ‘सत्य’ उचललं. चारही एकत्र सांभाळायच्या म्हणूनच भगवंतांनी त्याला तप म्हटलं असावं. सोपं असतं तर नुसती सवय म्हटलं असतं.

पण तप रोजच्या गल्ल्यावर बसून करायचं कसं? आम्ही चुकत-माकत जे शिकलो ते इथे देते. कुणाला उपयोग झाला तर आनंद आहे.

पहिलं, पैशाचं बोलणं काम घेतानाच करायचं. काम झाल्यावर ते मागणं होतं आणि आधी केलं तर ते ठरवणं होतं. आम्ही आता अर्धे पैसे आगाऊ घेतो आणि उरलेल्याची तारीख ऑर्डरवरच लिहितो. ओळखीच्यांकडून तर नक्कीच, कारण ओळख टिकवायची असते.

दुसरं, उधारी मागताना टोमणा नको आणि गयावयाही नको. मी असा मेसेज पाठवते: “नमस्कार. अमुक तारखेच्या बिलाचे इतके रुपये येणे आहे. 10 तारखेला आमच्याकडे पगार असतात, त्याआधी मिळाले तर सोयीचं होईल. एकदम जमत नसेल तर किती आणि कधी ते कळवावं.” यात कारण आहे, तारीख आहे आणि समोरच्याला मार्गही आहे. शिवाय हक्काने मागायला संकोच वाटतो त्यांनी हेही लक्षात ठेवावं, की 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना संरक्षण आहे. लेखी मुदत ठरली असली तरी खरेदीदाराने 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, आणि काही ठरलं नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. आम्ही आजवर कुणाकडे ते मागितलं नाही, पण कायदाच जे आपलं मानतो ते मागायला लाज कशाची, एवढं बळ त्यातून मिळालं.

तिसरं, ‘उद्या बघू’ हे शब्द प्रेसमधून हद्दपार. देता येत असेल तर किती आणि कोणत्या तारखेला ते सांगायचं, येत नसेल तर तेही त्याच दिवशी सांगायचं. गिऱ्हाइकाचं काम लांबणार असेल तर त्याचा फोन यायच्या आत आपण करायचा. वाईट बातमी लवकर दिली की समोरच्याला हात-पाय हलवायला वेळ मिळतो.

चौथं, चूक एकट्याला बाजूला घेऊन सांगायची, आणि कामाबद्दल बोलायचं, माणसाबद्दल नाही. “तुझं लक्षच नसतं” याऐवजी “या प्रूफमध्ये वेळ चुकली, पुढच्या वेळी आपण काय करूया?” आणि जो आपली चूक आपणहून येऊन सांगेल, त्याला त्या दिवशी एक शब्दही बोलायचा नाही.

पाचवं, लिहून ठेवायचं. तोंडी “ठीक आहे” वर आता आम्ही प्लेट काढत नाही, गिऱ्हाइकाची प्रूफवर सही किंवा मेसेज घेतो. हे अविश्वासाचं लक्षण नाही. दासबोधासारख्या ग्रंथात समर्थांनी एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास चक्क लेखनक्रियेला दिला आहे, नेटकं अक्षर कसं काढावं इथपासून. परमार्थ सांगणाऱ्याला जे किरकोळ वाटलं नाही, ते आपल्याला का वाटावं?

आता त्या दिवाळीचं पुढे काय झालं ते सांगते. काकांचे साडेसातशे रुपये आम्ही दिले. ते घेत नव्हते. मिस्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “काका, चूक माझी होती.” दिरांनाही ते ऐकून काय वाटलं कोण जाणे, त्यानंतर त्यांचा आवाज थोडा उतरला आहे. अजून पूर्ण नाही!

आणि ते ओळखीचे गृहस्थ? पुढच्या वर्षी त्यांचं काम आलं तेव्हा मी स्वतः फोन करून आगाऊ रकमेचं बोलले. माझा आवाज कापत होता. ते म्हणाले, “मागच्या वेळी तर वहिनी स्वतःच म्हणाल्या होत्या, घाई नाही. मला वाटलं, तुम्हाला गरज नसेल.” त्यांचं काय चुकलं होतं? मी जे सांगितलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. काम मात्र त्यांनी नंतर दुसरीकडे दिलं. समारंभात भेटलो की बोलतो, पण पूर्वीइतकं मोकळं नाही. त्याचं वाईट वाटतं. खरं बोलल्यावर सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. फक्त आता त्याची किंमत मी भरते, काका नाहीत. आणि हेच मला योग्य वाटतं.

म्हणून त्या ताईंना आज उशिराने उत्तर देते. ताई, माणसं तुटतील या भीतीने गप्प बसण्याआधी एकदा विचारावं, माझ्या गप्प बसण्याचं व्याज कोण भरतंय? त्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आला, की काय बोलायचं ते आपोआप सुचतं, आणि शब्द कडूही येत नाहीत, कारण ते कुणासाठी तरी बोललेले असतात.

या आठवड्यात एवढंच करून बघूया. आपल्याकडे जो ‘उद्या’वर थांबला आहे, त्याला आज खरं काय ते सांगूया. तारीख नाहीतर नकार, पण प्रेमाने.

काही चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं.

आपलीच एक गुरुभगिनी, बडोदा