चौथा मजला, पाचवा मजला

वर्धा नदीकाठचं पुलगाव हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर आहे. रेल्वे, एकेकाळची कापडगिरणी आणि लष्कराचा दारूगोळा डेपो यांनी इथे परगावची, परप्रांतांतली माणसं आणली. ती एका गावात राहतात, पण एकत्र राहतात का? मराठी कादंबरीने हा प्रश्न विचारला, तो मात्र मुंबईच्या निमित्ताने.

सुरुवातीला तिला दिसली ती पोटासाठी आलेल्यांची वस्ती. जयवंत दळवींची 'चक्र' (१९६३) आणि मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' (१९६९) झोपडपट्टीत शिरल्या. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'तल्या (१९६५) नाक्यावरच्या पोरांनी तर वाचकांना हादरवलं. या कादंबऱ्यांनी दारिद्र्य फार जवळून दाखवलं. शेजारच्या माणसाचा धर्म, त्याची भाषा, त्याच्याबद्दलची भीती हा विषय त्यामानाने मागे राहिला.

तो पुढे आणला किरण नगरकरांनी. 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) मराठीत लिहिणाऱ्या या लेखकाची 'रावण अँड एडी' १९९५मध्ये इंग्रजीत आली. भाषा बदलल्याबद्दल मराठीत नाराजी उमटली. तिच्यात तथ्य नव्हतं, कारण कादंबरीतली माणसं आपलीच होती.

माझगावची सीडब्ल्यूडी चाळ. पवार चौथ्या मजल्यावर, तर गोव्याकडचे कॅथलिक कुटिन्हो सर्वांत वरच्या, पाचव्या. पवारांचा तान्हा राम आई पार्वतीबाईंच्या हातून सज्जाबाहेर निसटतो, खाली उभा असलेला व्हिक्टर कुटिन्हो त्याला झेलतो आणि जिवाला मुकतो. दृष्ट लागू नये म्हणून आई रामाचं नाव रावण ठेवते. व्हिक्टरची बायको व्हायोलेट तेव्हा गरोदर असते. तिच्या पोटी एडी येतो. दोन्ही घरं एकाच जिन्याने ये-जा करतात, तरी मधलं वैर संपत नाही. नगरकर मध्येच कथा थांबवून चाळीतल्या पाण्याच्या भांडणांवर लिहितात, पोर्तुगिजांच्या गोव्यावर लिहितात. काहींना हे विषयांतर वाटलं. खरं तर कादंबरीचा कणाच तो आहे: शेजाऱ्यांमधलं अंतर चाळ बांधायच्या कितीतरी आधीपासून पडत आलेलं असतं. आणि तरीही एडी हिंदुत्ववादी संघटनेच्या शाखेत रमतो, रावणाला सिनेमा वेड लावतो. मोठ्यांनी आखलेल्या रेषा पोरं सहज ओलांडतात.

पाच वर्षांनी लंडनमध्ये झेडी स्मिथची 'व्हाइट टीथ' (२०००) आली. तिच्यात बांगलादेशी आणि इंग्रज-जमैकन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्यांचं ओझं घेऊन शेजारी नांदतात. जगाने तिचं भरभरून कौतुक केलं. माझगावच्या चाळीने तेच आधी सांगितलं होतं, याची आठवण आपण ठेवायला हवी.

२०१९मध्ये नगरकर गेले. मुंबईची चाळ त्यांनी लिहिली. विदर्भातली डेपोची आणि गिरणीची गावं कुणी लिहायची? पुलगावात डेपोच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या, घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा बोललेल्या मुलामुलींनी आपल्या गावाची कादंबरी हाती घ्यावी. वैदर्भी बोलीतच लिहावी.