हाडांचे ऑडिट

जे दुखत नाही, ते बिघडले आहे असे म्हणावे का? प्रश्न तत्त्वज्ञांचा, पण हल्ली तो एमआरआयच्या रिपोर्टातून तुमच्याआमच्या पुढ्यात येऊन पडतो.

यंत्र मोठे नामी! 3 टेस्लाचा त्याचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा सुमारे 60 हजारपट जोरकस. कूर्चा, स्नायू, सांधे यांची बित्तंबातमी काढतो. 2017 साली तर अमेरिकेत डोके आणि हातपाय तपासायला 7 टेस्लालाही परवानगी मिळाली.

आता गंमत ऐका. 1994 साली अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या 98 माणसांच्या कमरेचे एमआरआय प्रसिद्ध झाले. मणक्यांतल्या सगळ्या गाद्या निर्दोष असलेले निघाले फक्त 36 टक्के! बाकीचे खुशाल हिंडत होते. गादी सरकल्याची चिंता पूर्वी फक्त राजेलोकांना असे!

आम्हा बँकवाल्यांना यात नवल नाही. ऑडिटर पानभर शेरे मारून जातो. शेरे खोटे नसतात. पण प्रत्येक शेऱ्यामागे अफरातफरही नसते.

मग सुखात असलेल्या माणसाला हे सांगावे का? सांगितले, तर तो बादली उचलायला भितो. लपवले, तर त्याच्याच शरीराची बातमी त्याच्यापासून चोरली. माझ्या मते सांगावे, पण हिशेब पुरा सांगावा. ‘न दुखणाऱ्या पुष्कळांतही असेच दिसते,’ हे वाक्यही त्याच कागदावर हवे. अर्धे सत्य पाठीवर फार जड बसते.

चुंबकाला पुष्कळ दिसते हो. दुखते का, ते मात्र माणसालाच विचारावे लागते.