अर्जुनाचा नकार आणि सैनिकाचा नकार

यवतमाळ जिल्ह्यातील एका वासनिकांचा पुत्र सैन्यात आहे. त्यांनी पृच्छा केली, "युद्ध अन्याय्य वाटून सैनिकाने नकार दिला, तर त्यास दोष लागतो काय? अर्जुनाने धनुष्य टाकले तेव्हा श्रीकृष्ण चक्रवर्तींनी त्याचा निषेधच केला ना?"

समाधान असे की, निषेध नकाराचा नव्हे, त्याच्या मुळाशी असलेल्या मोहाचा आहे. समोर आजा, गुरू, बंधू दिसले म्हणून अर्जुनाची गात्रे गळाली. परके असते तर त्याने बाण सोडलाच असता. आणि अठराव्या अध्यायात सर्व निरूपण झाल्यावर, पूर्ण विचार करून इच्छेस येईल ते कर, असे श्रीकृष्णांनीच त्यास सांगितले. त्याचा विवेक हिरावून घेतला नाही.

आता दुसरा नकार पाहू. दिनांक १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नाविक केंद्रावरील हिंदी खलाशांनी ब्रिटिश आरमाराची चाकरी नाकारली. प्रारंभ निकृष्ट अन्नाच्या तक्रारीने झाला. परंतु त्यांच्या मागण्यांत, इंडोनेशियात धाडलेले हिंदी सैन्य परत बोलवावे, हीही एक मागणी होती. डच सत्तेपासून मुक्त होऊ पाहणारे ते लोक या खलाशांचे ना सोयरे, ना सांगाती. अर्जुन स्वकीयांसाठी थांबला. हे परक्यांसाठीही बोलले. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा सर्वज्ञांच्या जानूखाली आला, तो तरी कोणाचा आप्त होता?

हा नकार निर्मळ राहिला नाही, हेही सांगितले पाहिजे. बंदुका चालल्या, शहरात माणसे मेली. २३ फेब्रुवारीस खलाशी शरण आले. पुढे अनेकांची चाकरी गेली आणि स्वतंत्र भारताच्या नौदलातही त्यांना स्थान मिळाले नाही.

मोहाप्रमाणे भयाचीही परीक्षा करावी. अमेरिकेचे लेफ्टनंट एरन वाटाडा यांनी २००६ साली इराकचे युद्ध बेकायदेशीर मानून तेथे जाण्यास नकार दिला. अफगाणिस्तानात जाण्याची मात्र तयारी दर्शविली. ते पळाले नाहीत, लष्करी न्यायासनापुढे उभे राहिले. जो दंड सोसण्यास सिद्ध आहे, त्याच्या नकारास भ्याडपणा म्हणता येत नाही.

म्हणून पुत्राने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत: समोर परका असता तरी मी थांबलो असतो काय? माझ्या जिवाचे भय नसते तरी थांबलो असतो काय? नकाराचे फळ दुसऱ्यावर न ढकलता मी भोगीन काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तर तो नकार अर्जुनाचा नव्हे.

आम्ही भिक्षुक अहिंसा सहज बोलतो, कारण आमच्या हाती शस्त्र कोणी देत नाही. ज्याच्या हाती ते दिलेले आहे, त्याला उत्तर सांगताना हे विसरू नये.

दंडवत प्रणाम.